इहीणबाईंची खोल बशी

हेवा करायचा तर माणूस आपल्या तोलाचा तरी असावा, असं मला वाटायचं. म्हणजे शिकलेला, नीटनेटका, चार लोकांत बरं बोलणारा. माझ्या वाट्याला आल्या त्या पंचफुलाबाई. माझ्या मुलीच्या सासूबाई. शिक्षण सातवी, माहेर बाळापूरकडचं एक खेडं, अंगावर कायम फिकट सुती साडी, आणि आवाज असा की त्या अकोल्याच्या घरात बोलल्या की रस्त्यावरचा भाजीवाला आपल्यालाच हाक मारली समजून थांबायचा. मी अमरावतीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. मुलींच्या वह्यांतले 'न' खोडून 'ण' केले. आणि या बाईंचा मी कित्येक वर्षं मन लावून हेवा केला. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल, पण माझा हेवा अजून पुरता संपलेला नाही.

त्याचं पहिलं कारण अगदी साधं होतं. लग्नानंतर महिन्याभरातच पल्लवी त्यांना 'आई' म्हणायला लागली. मीही आई, त्याही आई. घोटाळा नको म्हणून मग ती निलेशला, म्हणजे आमच्या जावयाला, सांगायची, "अमरावतीच्या आईचा फोन होता." जन्म मी दिला आणि गावाचं नाव मलाच लागलं. त्या मात्र नुसत्या आई.

दुसरं कारण चहाचं. ते सांगायचं तर आधी पाण्याचं सांगावं लागेल.

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. आता बहुतेकांनी सोडली. मी सोडली नव्हती. माझी आई चांदूर बाजारहून भर उन्हाळ्यात एसटीनं माझ्याकडे यायची, पंख्याखाली बसायची आणि पिशवीतून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी प्यायची. माझ्या माठाकडे ती बघायचीसुद्धा नाही. पल्लवी झाल्यावर तिनं माझ्या घरचं पहिलं पाणी घेतलं, तेव्हा पेला खाली ठेवताना तिचे डोळे भरून आले होते. आई व्हायचं म्हणजे तहान सोसायची, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं. माझी पाळी येण्याची मी जवळजवळ वाटच बघत होते.

पल्लवीच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी आणि आमचे हे अकोल्याला गेलो, तेव्हा पंचफुलाबाईंनी ट्रेमध्ये पाणी आणलं. मी पिशवीतून माझी बाटली काढली आणि रीत सांगितली. मला वाटलं, बाई तोंड वाकडं करतील, नाहीतर आग्रह तरी करतील. खरं म्हणजे मला आग्रह हवाच होता. त्याशिवाय नाही म्हणण्यात काय मजा? पण त्यांनी ट्रे उचलून आत ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला मंग, इहीणबाई."

आमच्या भागात जुनी माणसं विहिणीला इहीण आणि व्याह्याला इवाई म्हणतात. मी विचारलं, "कुठे?"

"च्या प्याले. माह्या घरचा चालत नाई ना तुमाले? मंग बाहेरचा पिऊ. रीतीत बाहेरचं काई सांगतलं नाई."

दोन गल्ल्या पलीकडे, साड्यांच्या दुकानाच्या वर, तेव्हा नवंच 'टी सलून' उघडलं होतं. जिना चढून गेलं की थंडगार हवा, काचेच्या किटल्या, आणि एकावर एक तीन ताटल्यांच्या मांडणीत इवलेसे केक आणि काकडीचे सँडविच. आमच्या ह्यांनी फलक वाचून विचारलं, "इथं दाढी पण करतात का?" पंचफुलाबाई म्हणाल्या, "इवाई, आधी च्या तं प्या. मंग पाहू दाढीचं."

ते दुकान चालवणारी सबीहा नावाची मुलगी बाळापूरची होती, पुण्यात शिकून परत आलेली. "कोनाची गं तू?" असं विचारत पंचफुलाबाई खुर्चीत बसायच्या आत तिच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचल्या. मग त्यांनी चहांच्या यादीवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"कॅमोमाइल, काकी. फूल की चाय."

"अन् दूध?"

"दूध नहीं पडता इसमें."

"मंग त्याले च्या काहून म्हनतं? काढा म्हन ना."

सबीहा हसायला लागली, पल्लवी हसायला लागली, आमचे हेसुद्धा हसले. शेवटी आल्याचा चहा आला आणि पंचफुलाबाईंनी तो सरळ बशीत ओतला. तिथल्या बशा सपाट, चित्रं काढलेल्या. अर्धा चहा टेबलावर गेला. शेजारच्या टेबलावरच्या मुली बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काही झालं नाही. फडक्यानं टेबल पुसत त्या म्हणाल्या, "बशी खोल पाह्यजे. सपाट बशीत च्या ठरत नाई, अन् सपाट मानसात गोष्ट ठरत नाई."

पुढच्या खेपेला त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली घरची खोल बशी काढली. आणखी काही महिन्यांनी सबीहानंच त्यांच्यासाठी खोल बशा मागवल्या, आणि हळूहळू इतर गिऱ्हाइकंही त्या मागायला लागली. माझ्यासाठी आजवर कुठल्या हॉटेलानं चमचासुद्धा मागवलेला नाही.

मग ते ठरूनच गेलं. मी अकोल्याला गेले की चारच्या सुमाराला आम्ही तिघी सबीहाकडे. पंचफुलाबाई बशी तळहातावर घेऊन आधी तिचा अंदाज घ्यायच्या, मग मोठ्यानं फुर्रकन एक घोट, आणि मग बोलणं. गावातली कोण पडली, कोणाची म्हैस व्याली, निलेश लहानपणी विहिरीत कसा उतरला. ऐकायची त्यांची एक तऱ्हा होती. समोरच्या माणसानं काही महत्त्वाचं बोलायला घेतलं की त्या हातातली बशी खाली ठेवायच्या आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तिला हात लावायच्या नाहीत. पल्लवी त्यांना ऑफिसातल्या कटकटी सांगायची आणि चहा निवून साय धरायचा, तरी बशी खालीच. पल्लवीला नोकरी बदलायची होती, हे मला तिथंच कळलं. त्यांच्यासाठी ती शिळी बातमी होती.

पल्लवी नेहमी त्यांच्या शेजारी बसायची. समोर बसली म्हणजे तोंड आपल्याकडे राहतं, अशी मी माझी समजूत काढायची. पण तिचं कोपर त्यांच्या कोपराला लागलेलं असायचं, आणि माझी नजर सारखी त्या कोपरावर जायची.

माझ्याकडे त्या दोघींचं फारसं लक्ष नसायचं. पहिल्याच दिवशी त्या आल्याच्या चहानं माझ्या छातीत जळजळ सुरू झाली होती. मी हळूच बाटलीतलं पाणी प्याले आणि पुढच्या वेळेपासून साधा चहा मागवत गेले. कोणी काही विचारलं नाही. साखर तिथं वेगळ्या वाटीत यायची. जिची तिनं घ्यायची.

एकदा मी ठरवलं, आता अमरावतीचा हिसका दाखवायचा. बडनेरा रोडवर एक मोठं हॉटेल झालं होतं, तिथं दुपारच्या चहाचा थाट असतो असं ऐकलं होतं. आधी एकटी जाऊन बघून आले. खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं. पल्लवीला लहानपणी नानकटाई आवडायची, ती असल्याची खात्री केली. मग त्या दोघींना अमरावतीला बोलावलं. त्या दिवशी बसताना मी माझी पर्स आणि शाल पंचफुलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली, म्हणजे पल्लवीला माझ्याच बाजूला बसावं लागलं. नानकटाई आली. पल्लवीनं एक उचलली आणि म्हणाली, "आई, तुझ्या लक्षात होतं?" माझा दिवस सार्थकी लागला असं मला वाटलं.

तेवढ्यात पंचफुलाबाई पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना निरखून बघायला लागल्या.

"बाई, तुमी तिवशाच्या का वो?"

ती बाई खरंच तिवशाची निघाली. वर तिची बहीण बाळापूरला दिलेली, ती पंचफुलाबाईंच्या मावशीच्या घरासमोरच. मग काय, वेटरना बोलावून टेबलं जोडली गेली. खुर्च्या इकडच्या तिकडे झाल्या. मी त्या बाईच्या नवऱ्याशेजारी जाऊन पडले आणि त्यांनी मला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत अथपासून इतिपर्यंत सांगितली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पल्लवी पंचफुलाबाईंच्या कोपराला कोपर लावून हसत होती. नानकटाईची ताटलीही तिकडेच गेली होती.

निघताना पंचफुलाबाईंनी माझा हात हातात घेतला. "इहीणबाई, लय मस्त पार्टी देली तुमी. असं कोनी देत नाई." त्यात खोच नव्हती. तेच तर अवघड होतं. कपटी माणूस परवडतो, त्याच्यावर निदान रागावता येतं.

वर्षं गेली. माझं पाणी काही सुरू झालं नाही. मी पल्लवीला कधी विचारलं नाही, तेवढी अक्कल मला होती. पण बाटली घेऊन जायचे.

एका वर्षी महालक्ष्म्यांना अकोल्याचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी दर्शनाला गेले, जेवायला बसले नाही, आणि कोपऱ्यात बसून बाटली काढली. निलेशची एक आत्या भरल्या पंगतीतून म्हणाली, "अमरावतीच्या इहीणबाईचं पानी अजून सुरू नाई झालं वाटते?"

पल्लवी पुरणपोळी वाढत होती, तिचा हात थांबला. आतून पंचफुलाबाईंचा आवाज आला. "त्याइले डाक्टरनं उकळलेलंच पानी सांगतलं. पोटाचं हाय त्याइच्या. तू भजे घे व माय, गार होऊन राह्यले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं पोट उत्तम आहे. मी माझ्या मुलीसाठी तहान सोसत होते, आणि या बाईंनी भर पंगतीत त्याचा आजार करून टाकला. मी बोलणारच होते. पण तेवढ्यात पल्लवीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे, त्यांच्याकडे, बघितलं. तशी नजर तिनं मला कधी दिली नव्हती. ती कशासाठी होती ते मला कळलं नाही, पण ती दुसऱ्या कोणाला मिळाली एवढं कळलं.

त्याच वर्षीच्या थंडीत आम्ही तिघी सबीहाकडे बसलो होतो. किटली नुकतीच आली होती. पंचफुलाबाईंनी चहा बशीत ओतला आणि कोणी काही बोलायच्या आधीच बशी खाली ठेवली. मी ते पाहिलं.

"आई," पल्लवी म्हणाली, "तुला एक सांगायचं आहे. आम्हाला मूल होणार नाही. सगळं करून झालं. आता आम्ही तो नाद सोडलाय. आणि आम्ही बरे आहोत."

मी विचारलं, "कधी कळलं?"

"झाली दोन वर्षं."

"आणि यांना?"

"आईंना तेव्हाच सांगितलं होतं."

आईंना. माझ्या लेकीचं एवढं मोठं दुःख समोर होतं, आणि मला आधी तो शब्द लागला. दुःख त्याच्या मागून आलं, पण आलं तेव्हा मी टेबलाची कड धरून बसले. पल्लवी उठून माझ्याजवळ आली. तिनं माझा खांदा धरला, मी तिचा. सबीहा लांबूनच बघून परत गेली. बशीतला चहा तसाच होता.

निघताना पल्लवी गाडी काढायला पुढे गेली. पंचफुलाबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मधल्या वळणावर मी त्यांना अडवलं. जन्मभर जपलेली माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"मले काहून नाई सांगितलं तुमी? दोन वर्सं लपवून ठेवलं माह्यापासून?"

त्या पायरीवर बसल्या. मलाही बसवलं.

"सांगाचं काम तिचं व्हतं, माहं नाई. अन् ते तुमाले कशी सांगन वो? तिच्या लेकरासाठी तुमी तहानल्या बसता. बाटली समोर ठेवून बसता. ते पाहून तिनं सांगाचं का लेकरू नाई येत? माह्यापाशी बाटली नोयती, म्हनून माह्यापाशी रडली ते."

मी पिशवीतली बाटली आणखी आत सरकवली.

"इथं तुमी च्या पेता, तवा तिच्या जिवाले बरं वाटते. म्हनून आनतो तुमाले. मले काय, मले घरचाच च्या आवडते."

बोलणं खरं होतं. माझ्या आईची तहान मला माया वाटली होती, आणि तीच माझ्या लेकीला मुलासाठीचा मुका तगादा वाटत होती. हे मला कळायला हवं होतं, आई मी आहे. पण कळलं ते पंचफुलाबाईंना. एसटीत अमरावती येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले, आणि लेकीसाठी रडता रडता मध्येच मला त्यांचा राग येत होता.

बाटली मी सोडली. पण रीत सुटेना. पाणी घ्यायचं ते मूल झाल्यावर, आणि आता मूल होणार नव्हतं, मग पहिला घोट कोणत्या दिवशी घ्यायचा? मला तो दिवस ठरवता आला नाही. म्हणून मी घरी जायचंच टाळायला लागले. स्टँडवरून थेट सबीहाकडे जायचं, त्या दोघींनी तिथं यायचं, चहा झाला की परत. पंचफुलाबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. गुडघे धरून जिना चढत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात पल्लवीचा फोन आला. "आईंचं हृदय फार थकलंय. त्यांना आता जिना जमणार नाही. तू घरीच ये."

समोरच्या खोलीत पलंग मांडला होता. पंचफुलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या. भाजीवाल्याला थांबवणारा आवाज पलंगाच्या पलीकडे जात नव्हता. मला बघून म्हणाल्या, "इहीणबाई, आज मले नाई जमत. तुमी पल्लवीसंगं जाऊन या सबीहाकडे."

"नको, मी तिथूनच मागवते," पल्लवी फोन हातात घेत म्हणाली. "सबीहा पाठवेल गरम गरम."

दोघी माझ्या रीतीची सोय बघत होत्या. एक मरायला टेकलेली, दुसरी तिच्या उशाशी जागून काळवंडलेली.

"कशाला मागवतेस?" मी म्हणाले. "घरात चहापत्ती नाही का?"

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. पंचफुलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"घरचाच ठेव," मी म्हणाले.

ती आत गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला. पातेलं वाजलं. मग सगळं शांत झालं, आणि ती साखरेचा डबा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आई, तुला साखर किती गं?"

तिला माहीत नव्हतं. असणार तरी कसं? अमरावतीच्या घरात चहा नेहमी मीच केला. सगळ्यांना कसा लागतो ते मला ठाऊक होतं, मला कसा लागतो ते कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि या घरात मी कधी पाण्यालाही शिवले नव्हते. तरी माझ्या पोटच्या पोरीनं मला पाहुण्यासारखं विचारलं, ते काळजात गेलं. मी तोंड उघडलं, तर पलंगावरून आवाज आला.

"दीड चमचा." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "अन् आलं टाकू नोको. त्याइच्या छातीत जळजळते."

म्हणजे त्यांचं लक्ष होतं. पल्लवीशी बोलताना, म्हशीच्या न् विहिरीच्या गोष्टी सांगताना, इतकी वर्षं त्या माझ्या वाटीतल्या चमच्याकडे बघत होत्या. मी मात्र त्यांच्या कोपराकडे बघत होते.

चहा आला. मला कपात, त्यांना खोल बशीत. पल्लवी पलंगाच्या कडेला बसली आणि बशी त्यांच्या ओठांशी धरून फुंकर घालायला लागली. मी प्याले. मुलीच्या घरचा पहिला चहा. साखर बरोबर होती, आलं नव्हतं. माझ्या आईसारखे माझेही डोळे भरतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्या दोघींची कोपरं एकमेकांना लागलेली होती, आणि त्या आजारी बाईंचा मला तेव्हाही हेवा वाटला.

मी कप रिकामा केला.

"पल्लवी, अजून एक कर."

मला दुसरा कप नको होता. तिनं तिथून उठावं, माझ्यासाठी उठावं, एवढंच हवं होतं.

पल्लवी उठली. जाता जाता तिनं बशी माझ्या हातात दिली. "धर जरा."

मी तिच्या जागी बसले आणि बशी दोन्ही हातांनी धरली. पंचफुलाबाईंनी डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे.

"फूक मारा वो," त्या म्हणाल्या. "गरम हाय."

मी फुंकर घातली.